डिस्कचा संच आणि घरचे दफ्तर



इ. स. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून गेला आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. त्यांच्यामागून कारकून, कमाविसदार, भिक्षुक आणि शिलेदार अशी मराठी कुटुंबे या मुलुखात आली व स्थायिक झाली. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात अशी घरे अद्यापि आहेत. त्यांपैकी अनेक घरांत एक पेटारा असे. तांबड्या रुमालात बांधलेले मोडी कागद, एखादी सनद, मुंजीच्या आणि लग्नाच्या याद्या, पुढे पुढे छायाचित्रे, अशी त्या कुटुंबाची स्मृती त्या पेटाऱ्यात असे. वाळवी, पाऊस आणि भाऊबंदकी या तीन शत्रूंपासून ती सांभाळायची, एवढेच घरातल्या वडीलधाऱ्यांचे काम होते.

आज तो पेटारा जिन्याखाली ठेवलेल्या एका काळ्या डब्यात गेला आहे. डबा पावाच्या दोन लाद्यांएवढा. आत तीन-चार डिस्का अखंड फिरत असतात आणि बाहेर तितकेच हिरवे दिवे लुकलुकत असतात. मोडी कागदांच्या प्रतिमा, आजोबांचे फोटो, लग्नाच्या चित्रफिती, मुलांची पहिली बोबडी वाक्ये, घराची कागदपत्रे, सारे त्यात. हिरव्यापैकी एक दिवा तांबडा झाला म्हणजे काय करावे, आणि तो तांबडा होण्यापूर्वी काय करून ठेवावे, याविषयी आज मी बोलणार आहे. मी यंत्रविद्येचा पदवीधर नाही. सरकारी कचेरीत कागद सांभाळणारा माणूस आहे. पण सांभाळण्याचे शास्त्र कागदाला आणि डिस्कला पुष्कळसे एकच लागू पडते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम त्या डब्याचा गुण कोणता ते पाहू. चुंबकीय डिस्कचा पहिला व्यापारी अवतार १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक या नावाने काढला. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाहून मोठे धूड, आणि त्यात मावत असत सुमारे पन्नास लाख अक्षरे. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्केत चार टेराबाइट, म्हणजे चार लाख कोटी अक्षरे बसतात. परंतु फिरणारी तबकडी आणि तिच्यावर तरंगणारे वाचनशीर्ष हे मूळ सूत्र बदललेले नाही, आणि फिरणारी वस्तू केव्हातरी थांबते हेही बदललेले नाही. तेव्हा १९८८ साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून असे मांडले की, एक महागडी डिस्क घेण्याऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्या आणि त्यांपैकी एखादी मेली तरी काम अडू नये अशी तजवीज आतच करून ठेवावी. या योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘रेड’ हा शब्द झाला. त्यात मूळचे एक अक्षर ‘स्वस्त’ या अर्थाचे होते. पुढे विक्रेत्यांनी त्या जागी ‘स्वतंत्र’ असा अर्थ बसवला. विक्रेत्याला स्वस्त हा शब्द फारसा रुचत नाही, हे आपण जाणतोच.

ही तजवीज कशी होते ते किराणा दुकानदाराच्या वहीवरून सहज ध्यानात येईल. वहीत तीन रकमा आहेत, सात, बारा आणि पाच. खाली बेरीज चोवीस. शाई सांडून बारा ही रक्कम पुसली गेली, तरी चोवीसातून सात आणि पाच वजा केले की बारा परत हाती येतात. चार डिस्कांच्या संचात असेच असते. तीन डिस्कांवर मजकूर आणि चौथीवर त्यांची बेरीज. ती बेरीजही एकाच डिस्कवर न ठेवता चारी डिस्कांवर आळीपाळीने वाटून टाकतात. या प्रकाराला पाचवी पातळी म्हणतात. यंत्रातली बेरीज शून्य आणि एक यांची असते एवढाच फरक. परंतु वहीतल्या दोन रकमा पुसल्या गेल्या, तर बेरीज शाबूत असूनही काही उपयोग नाही. या संचाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही या हिशेबात आली.

आता येथे एक मोठा गैरसमज होतो आणि तो बहुतेक घरांतून आढळतो. आपल्याकडे चार डिस्कांचा संच आहे, म्हणजे आपला मजकूर सुरक्षित आहे, असे लोक समजतात. संच ही प्रत नव्हे. एक डिस्क मेली असता काम चालू ठेवणे एवढेच त्याचे कार्य. घरातल्या कोणी चुकून एखादा कप्पा पुसून टाकला, तर तो चारी डिस्कांवरून तत्परतेने पुसला जातो. वीज कोसळली, चोर डबाच उचलून घेऊन गेला, किंवा खंडणीखोर विषाणूने सारा मजकूर कुलूपबंद केला, तर चारही डिस्का एकदमच जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशा विषाणूने ब्रिटनमधील रुग्णालयांपर्यंत अनेक देशांत धुमाकूळ घातला, ते आपणास स्मरत असेल. आमच्या खात्यात प्रत्येक अर्ज तीन प्रतींत मागतात म्हणून आजवर लोकांनी आम्हांस पुष्कळ हसून घेतले. पण एक प्रत अर्जदारापाशी, एक दफ्तरी आणि एक वरच्या कचेरीत, या रीतीत जे शहाणपण आहे ते चार डिस्कांच्या डब्यात नाही.

एकच प्रत आणि तीही दुसऱ्याच्या हाती, या अवस्थेचे एक मोठे उदाहरण आपल्या वाङ्मयात आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले, तेही शिसपेन्सिलीने. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले, तेव्हा त्या वह्या सरकारच्या ताब्यात राहिल्या आणि त्या परत मिळतात की नाही अशी काळजी त्यांच्या स्नेह्यांना लागली. टिळक मात्र निश्चिंत होते. वह्या त्यांच्यापाशी असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढू, असे ते म्हणाले असे सांगतात. वह्या परत आल्या, १९१५ मध्ये ग्रंथ छापून झाला, आणि आमच्या रायपूरचे पंडित माधवराव सप्रे यांनी त्याचा हिंदी अनुवाद करून तो उत्तर हिंदुस्थानात पोहोचवला. ग्रंथ हजारो घरांत गेला आणि त्याच्या नाशाचे भय संपले. पण टिळकांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापाशी नाही. आणि असली तरी आईच्या आवाजाची ध्वनिफीत कोणालाही स्मरणातून पुन्हा लिहून काढता येत नाही.

डिस्क मरते कशी? तबकडी मिनिटाला पाच हजार चारशे किंवा सात हजार दोनशे वेळा फिरते आणि वाचनशीर्ष तिच्यापासून काही थोड्या नॅनोमीटरवर तरंगते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. यावरून त्या अंतराची कल्पना यावी. कालांतराने तबकडीवरील एखादे घर, ज्याला सेक्टर म्हणतात, वाचता येईनासे होते. कारखान्यातून येतानाच काही घरे राखीव असतात. डिस्क खराब घर बंद करून राखीव घर वापरू लागते आणि त्याची मोजदाद आपल्यापाशी ठेवते. ही मोजदाद ‘स्मार्ट’ या नावाच्या नोंदवहीत असते आणि ती कोणासही मागवून पाहता येते. तिच्यातल्या दोन रकमा विशेष पाहाव्या. बदललेल्या सेक्टरांची संख्या एक, आणि निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची दुसरी. ‘प्रलंबित’ हा शब्द आम्हां सरकारी लोकांचा लाडका. पण येथे त्याचा अर्थ असा, की हे घर वाचता येत नाही आणि त्यावर काय होते ते डिस्कलाही ठाऊक नाही.

गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला वाचनदोष सापडल्यापासून साठ दिवसांत डिस्क मरण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या एकोणचाळीस पट असतो, असे त्यांना आढळले. तेव्हा आकडा शून्यावरून हलला की नवी डिस्क मागवावी, तो किती वाढतो याची वाट पाहत बसू नये. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले, की मेलेल्या डिस्कांपैकी छत्तीस टक्क्यांनी या नोंदवहीत कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे नोंदवही दोष सांगेल तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावा. ती काही सांगत नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नये.

रायपूरच्या हवेचाही या प्रकरणी विचार करावा लागतो. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. सिलतरा आणि उरला येथे लोखंडाचे कारखाने असल्यामुळे गच्चीवर सकाळी काळ्या भुकटीचा थर दिसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस संध्याकाळी वादळ उठते, वीज जाते, येते, पुन्हा जाते. उष्णतेचा परिणाम लोक समजतात तितका मोठा नाही, असे वर सांगितलेल्या अभ्यासात दिसले. जुन्या डिस्कांना मात्र तो जाणवतो. विजेचा लपंडाव अधिक घातक. संच एका डिस्कवर मजकूर लिहितो आणि दुसरीवर बेरीज. या दोहोंच्या मध्येच वीज गेली तर रक्कम नवी आणि बेरीज जुनी, अशी खोटी वही तयार होते. त्या क्षणी कोणालाही पत्ता लागत नाही. पुढे एखादी डिस्क मरते आणि त्या बेरजेवरून हरवलेली रक्कम काढावी लागते, तेव्हा चुकीचे उत्तर येते. याला उपाय म्हणजे यूपीएस. ते नुसते वीज पुरवणारे नको. वीज गेल्याचा निरोप डब्याला तारेने देऊन तो वेळेवर नीट बंद करवणारे हवे.

आता गेल्या वर्षी एका स्नेह्यांच्या घरी घडलेला प्रकार सांगतो. त्यांच्याकडे चार डिस्कांचा पाचव्या पातळीचा संच होता. धूळ जाऊ नये म्हणून त्यांच्या सौभाग्यवतींनी डब्यावर क्रोशाचे आच्छादन घातले होते. ते सुंदर होते. पण त्याने हवेची छिद्रेही झाकली आणि दिवेही. एप्रिलात एक डिस्क मेली. तांबडा दिवा आच्छादनाखाली दोन महिने जळत राहिला आणि संच तीन डिस्कांवर मुकाट्याने चालत राहिला. जूनमधील एका वादळी रात्रीनंतर दुसरी डिस्क कुरकुरू लागली आणि फोटो उघडेनासे झाले. बाजारातून एक कारागीर बोलावला. त्याने मेलेली समजून जी डिस्क ओढून काढली ती नेमकी धडधाकट होती. संच तत्काळ कोसळला. तेव्हा त्याने सर्व डिस्का नव्याने सिद्ध करून पाहू, असा सल्ला दिला. तो सल्ला मानला असता, तर पेटारा कायमचा रिकामा झाला असता. सुदैवाने गृहस्थांनी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि मला निरोप धाडला.

त्या संचात त्यांच्या दिवंगत मातोश्रींनी गायलेल्या मंगळागौरीच्या आणि भोंडल्याच्या गाण्यांच्या ध्वनिफिती होत्या. मूळ कॅसेटी बुरशी लागून केव्हाच टाकून दिलेल्या. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

आम्ही पहिले काम केले ते विद्युतपुरवठा बंद करण्याचे. दुसरे काम माझ्या व्यवसायाला साजेसे होते: पंचनामा. प्रत्येक डिस्कवर कारखान्याने छापलेला अनुक्रमांक असतो. तो क्रमांक, डिस्क कोणत्या खणात होती, ती केव्हा आणि कोणी काढली, हे सारे कागदावर लिहिले आणि डिस्कांवर चिठ्ठ्या डकवल्या. हा पंचनामा खरे तर डबा घरी आला त्याच दिवशी करून डब्याला चिकटवून ठेवावा. मग कारागिराच्या अंदाजावर विसंबून राहावे लागत नाही. तारा आणि जोडण्या तपासल्या, कारण कित्येकदा डिस्क निर्दोष असते आणि दोष आठ आण्यांच्या तारेचा असतो. येथे मात्र दोष डिस्कचाच निघाला.

तिसरे काम प्रतींचे. आजारी संचावर कोणतीही दुरुस्ती करू नये, हा या विषयातला पहिला नियम समजा. दुरुस्ती म्हणजे लिहिणे, आणि लिहिणे म्हणजे उरलेल्या पुराव्यावर शाई सांडणे. आधी प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवावी, मूळ डिस्का बाजूला ठेवाव्या आणि जे काय प्रयोग करायचे ते प्रतींवर करावे. यासाठी डीडीरेस्क्यू नावाची एक मोफत आज्ञावली आहे. तिचे शहाणपण असे, की ती वाचता न येणाऱ्या घरापाशी डोके आपटत बसत नाही. सोपे ते सारे आधी उतरवून घेते, अवघड जागांचा नकाशा ठेवते आणि मग त्या जागांकडे पुन्हा पुन्हा जाते. मरणोन्मुख डिस्कपाशी वेळ थोडा असतो, आणि तो कोणत्या क्रमाने वापरावा हे तिला कळते. दोन धडधाकट डिस्का एका दिवसात उतरल्या. कुरकुरणारी डिस्क मात्र तीन दिवस चालली, आणि शेवटी काही शे सेक्टर तिने दिलेच नाहीत. एप्रिलात मेलेली डिस्क आम्ही हिशेबात धरली नाही. तिच्यावरचा मजकूर दोन महिन्यांचा शिळा होता, आणि शिळी रक्कम ताज्या बेरजेत मिसळली की सगळीच वही नासते.

तीन प्रतींवरून संच फक्त वाचण्यापुरता उभा केला आणि मजकूर बाहेर काढला. लग्नाच्या दोन चित्रफिती मध्येच फाटल्यासारख्या झाल्या, काही फोटोंचा खालचा अर्धा भाग करडा झाला. मातोश्रींच्या सर्व ध्वनिफिती सलग निघाल्या. गृहस्थ त्या रात्री फार वेळ काही बोलले नाहीत. एकच फीत पुन्हा पुन्हा लावत बसले.

एकच डिस्क मेली असेल आणि वेळीच ध्यानात आली असेल, तर इतका खटाटोप नको. नवी डिस्क घालून संच पुन्हा बांधता येतो. परंतु त्यापूर्वीही एक पायरी आहे आणि ती लोक घाईने गाळतात. पुनर्बांधणीत उरलेल्या तिन्ही डिस्कांवरचे प्रत्येक घर वाचावे लागते. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट या वेगाने अखंड भरली, तरी साडेसात तास लागतात. व्यवहारात दिवस-दीड दिवसही लागतो. त्या डिस्का बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच घाण्यातल्या घेतलेल्या असतात. एकीचे आयुष्य सरले तर बहिणींचेही सरत आलेले असते. घरगुती डिस्कचे उत्पादक एक कोटी गुणिले एक कोटी बिटांमागे एखादी न वाचणारी जागा गृहीत धरा, असे छापतात. हा आकडा म्हणजे साडेबारा टेराबाइट, आणि आपल्याला वाचायचे आहेत बारा. प्रत्यक्षात डिस्का छापलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ चांगल्या वागतात हे खरे. तरीही थकलेल्या तीन बैलांना एकदम घाटात घालण्यापूर्वी गाडीतले दागिने उतरवून घ्यावे. म्हणजे संच अजून चालत आहे तोवर, जे परत मिळणार नाही ते आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवावे आणि मग पुनर्बांधणी सुरू करावी. चित्रपटांची काळजी करू नये. ते जगात इतरत्र आहेत. आजोबांच्या रोजनिशीच्या प्रतिमा आधी.

डिस्क उघडून पाहण्याचा मोह काही उत्साही मंडळींना होतो. वाचनशीर्षाखालून धूम्रपानाच्या धुराचा कणही जाऊ शकत नाही, आणि आमच्या हवेत तर लोखंडाची भुकटी आहे. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या कपाटात ठेवण्याचा एक आजीबाईचा बटवा फार वर्षे प्रचारात आहे. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरते आणि उरलीसुरली आशा संपते. डिस्क टक्‌टक्‌ असा एकसुरी आवाज करीत असेल तर ती बंद करून, धूळविरहित दालन असलेल्या तज्ज्ञांकडेच पाठवावी. तो खर्च मोठा असतो, आणि यशाची हमी प्रामाणिक माणूस देत नाही.

मूळ प्रत नाहीशी झाल्यावर केलेली पुनर्बांधणी कशी होते, याचे उदाहरण मराठीच्या आद्य गद्यग्रंथातच आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली रिद्धपूर येथे मोठ्या कष्टाने जमवल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नष्ट झाली. अनुयायांनी आपापल्या पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले आणि त्यांतला कोणता मुळाच्या जवळचा, हे ठरवण्यात विद्वानांची आयुष्ये गेली. १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा मूळ पोथीला सातशे वर्षे होत आली होती. ग्रंथ वाचला तो अनेकांच्या मुखी होता म्हणून. पाठभेद झाले ते मूळ उरले नाही म्हणून.

तेव्हा प्रती किती आणि कोठे? पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम असा: मजकुराच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमच्या त्रिप्रतीत अर्जाचेच हे भावंड. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरून भाड्याच्या कोठारात ठेवता येते. पण सेकंदाला पन्नास मेगाबिट चढणाऱ्या जोडणीवरून चार टेराबाइट चढवायला अखंड सात दिवसांहून अधिक लागतात. तेवढाच मजकूर एका डिस्केत भरून पिशवीत घातला, तर रेल्वे तो चार-पाच तासांत नागपूरला पोहोचवते. मराठी कुटुंबाला नागपुरात किंवा पुण्यात एखादी आत्या असतेच. तिच्या कपाटात एक डिस्क असावी, दिवाळीला जाताना नवी न्यावी आणि जुनी परत आणावी. इंटरनेटवर फक्त निवडक, अगदी अनमोल असे ठेवावे. ही व्यवस्था मला घरगुती परिस्थितीत सर्वांत टिकाऊ वाटते, कारण तिच्यात नात्याचे येणे-जाणे आपसूक चालू राहते आणि महिन्याचे भाडे भरायला कोणी विसरत नाही.

मात्र प्रत आहे असे मानणे वेगळे आणि ती वाचून पाहणे वेगळे. जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅब या नामांकित संगणक-कंपनीत एका कर्मचाऱ्याने चुकून चालू मजकूर पुसला, आणि प्रती शोधू गेल्यावर पाचपैकी एकही व्यवस्था नीट काम करीत नव्हती असे निघाले. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती लागली म्हणून निभावले. याहून दारुण प्रकार दक्षिण कोरियातला, आणि तो माझ्या व्यवसायबंधूंचा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी नोकरांनी आपले कागद ज्यात ठेवावे अशी आज्ञा होती, त्या कोठारातला ८५८ टेराबाइट मजकूर जळाला. कोठार फार मोठे, म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवली नव्हती. घरचा डबा त्या मानाने लहान आहे. ती सबब आपल्याला नाही.

वाचून पाहण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक फाइलीचा गणिताने काढलेला एक ठसा असतो. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. मूळ आणि प्रत यांचे ठसे आज्ञावलीकडून ताडून घ्यावे, आणि वर्षातून एकदा आत्याच्या डिस्कवरची चार-दोन गाणी प्रत्यक्ष लावून ऐकावी. संचालाही महिन्यातून एकदा सर्व घरे वाचून बेरजा पडताळण्याची आज्ञा देऊन ठेवता येते. दडलेला दोष पुनर्बांधणीच्या ऐन वेळी सापडण्यापेक्षा असा सापडलेला बरा.

घराबाहेरची प्रत सांकेतिक लिपीत ठेवावी की नाही? महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले आणि ते इतरांपासून शतकानुशतके सुरक्षित राहिले. ती उकलायला विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यावे लागले. आजचे संकेत कोणा राजवाड्यांना उकलणारे नाहीत. किल्ली हरवली की मजकूर गेला. म्हणून बँकेचे आणि जमिनीचे कागद संकेतात ठेवावे, आणि किल्ली कागदावर लिहून मृत्युपत्राबरोबर ठेवावी. आजीची गाणी उघडीच असू द्यावी. ती कोणी चोरून ऐकलीच तर बिघडले काय!

स्नेह्यांनी पुन्हा चार डिस्का घ्याव्या की काय, असे मला विचारले. मी नको म्हणालो. एवढ्याशा मजकुरासाठी दोनच डिस्का, एकीवर जे तेच दुसरीवर, अशी आरशाची रचना पुरे. तिच्यात बेरीज-वजाबाकी नाही. एक मेली तर दुसरी एकटीही वाचता येते. दोन डिस्का निरनिराळ्या कंपन्यांच्या घ्याव्या आणि वाचलेल्या पैशांतून बाहेरच्या दोन प्रतींसाठी डिस्का आणाव्या. बारा-वीस टेराबाइटचा संसार असणाऱ्यांनी मात्र दोन बेरजा ठेवणारी सहावी पातळी पत्करावी. पाचवी आता त्या आकाराला अपुरी पडते, असे माझे मत आहे. आच्छादन काढले असून निरोप देण्याचे काम दिव्याकडून टपालाकडे दिले आहे: डिस्केत दोष आला की डबा गृहस्थांना, त्यांच्या मुलीला आणि पुण्याच्या जावयांना एकदमच ई-पत्र पाठवतो.

उरल्या जुन्या डिस्का. आपल्याला वाचता येत नाही म्हणून भंगारवाल्यालाही वाचता येणार नाही, असे समजू नये. एकेकीवर घरातल्या सर्वांचे आधार आणि पासबुक असते. ज्या चालत होत्या त्या सर्व मजकूर पुन्हा तपासून झाल्यावर सबंध पुसून काढल्या. चालत नव्हती ती भनपुरीच्या एका कारखान्यात नेऊन तबकड्यांतून आरपार तीन भोके पाडवली, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण काही डिस्कांच्या तबकड्या काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात. मग चारी डिस्का अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे पावती घेऊन दिल्या. ती पावती, पंचनामा आणि नागपूरच्या प्रतीची तारीख, हे तीनही कागद गृहस्थांनी तांबड्या रुमालात बांधून ठेवले आहेत.